मिनी सिमेंटचे कारखाने नुसत्या "निकृष्ट माला"ने बंद पडले नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरबांधणीवर मोठा लेख आला होता. लेख चांगलाच होता, वाद नाही, पण मधेच एक वाक्य होतं की ऐंशीच्या दशकात खेड्यापाड्यात निघालेले मिनी सिमेंटचे कारखाने निकृष्ट मालामुळे बंद पडले. बस्स, एवढंच, पुढच्या वाक्यात लेखक थेट रेडी मिक्सच्या गाड्यांवर. मी असल्याच एका कारखान्यात १९८३ ते १९८९ लॅबमधे नोकरी केलीये, त्यामुळे ते वाक्य काही घशाखाली उतरेना. दोन दिवस घरात बडबड करत होतो, शेवटी ही म्हणाली की मला कशाला सांगताय, पेपरला लिहा. म्हणुन हे पत्र. लांबलंय, काटछाट करायची ती करा, पण भट्टीचा भाग तेवढा राहू द्या.

मी मूळचा पुण्याचाच, सदाशिव पेठेतला. बीएस्सी केमिस्ट्री झालो आणि नोकरी लागली ती कुठे, तर यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या बाजूला. वडलांनी विचारलं, सिमेंटच करायचंय तर इतक्या लांब कशाला, पुण्यात कारखाना नाही का? नाहीच. आणि हे बऱ्याच पुणेकरांना अजूनही माहीत नसतं. आपल्याकडे सगळा काळा पाषाण, लाव्हाचा थर. त्यात सिमेंटला लागणारा चुनखडक नाही. आपल्या नदीकाठच्या जमिनीत मिळते ती चुनखडी, म्हणजे मातीतले पांढरे खडे, बटाट्याएवढे फार तर. सिमेंटच्या भट्टीला खड्यांवर भागत नाही, टनभर क्लिंकर (भट्टीतून भाजून निघालेला माल, तो दळला की सिमेंट) काढायला दीड टन दगड लागतो, त्यासाठी डोंगरच पाहिजे, आणि तसा दगड महाराष्ट्रात आहे तो यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे. नाहीतर मग सोलापूरच्या पलीकडे कर्नाटकात, शहाबाद-वाडीच्या पट्ट्यात. गंमत म्हणजे सिमेंट कारखान्यांची यंत्रं बनायची ती मात्र आपल्या जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला.

पण त्या खड्यांना नावं ठेवायचं कारण नाही. त्यात थोडी माती मिसळलेली असते, त्यामुळे त्यांचा भाजलेला चुना पाण्यातसुद्धा धरतो. खडकवासल्याचं धरण १८६९ ते १८७९ अशी दहा वर्षं चालून बांधलं ते दगड आणि चुन्यातच, सिमेंटचा त्यात पत्ता नव्हता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि तो सगळा लोंढा खडकवासल्यावर आला तेव्हा ते फुटलं हे खरं, पण तोवर ऐंशीच्या वर वर्षं ते पाणी अडवून उभं होतं. माझा जन्म त्याच वर्षीचा, पुराच्या गोष्टी आजीकडून इतक्यांदा ऐकल्यात की आपणच पाहिलं असं वाटतं. आमच्या ओळखीतली दोन कुटुंबं नंतर गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठीच्या अर्धगोल छपराच्या घरांत, निसेन हटमधे गेली ती तिथलीच झाली.

तर चुन्याची भट्टी. खाली जाळ, वर चुनखडीचा थर, त्यावर कोळशाचा थर, परत चुनखडी, असं रचत जायचं, वरून भरायचं आणि खालून काढायचं. मग तो चुना पाणी घालून विरवायचा आणि वाळू नाहीतर विटांची सुरखी घालून घाणीत मळायचा, गोल चर, त्यात दगडी चाक आणि ते ओढणारा बैल नाहीतर रेडा. आमच्या इथे धायरीत एका सोसायटीच्या गेटपाशी तसलं एक चाक शोभेला ठेवलंय, त्याला दिवाळीत लायटिंग करतात, ते कशाचं आहे हे वॉचमनला तर नाहीच पण चेअरमनलाही सांगता आलं नाही. मी हे सांगतोय ते एवढ्यासाठी की मिनी सिमेंटची भट्टी ही त्या चुनाभट्टीचीच शिकली-सवरलेली बहीण. मोठ्या कारखान्यात आडवी, फिरणारी लांबलचक नळी असते, आमची उभी होती, आठ-दहा मीटर उंच, आतून दोन-अडीच मीटर रुंद, आतून अग्निविटांचं अस्तर. जागची हलत नाही, माल तेवढा आपल्या वजनाने खाली सरकतो.

आता हे कारखाने निघाले का, तर टंचाई. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही की सिमेंट परमिटवर मिळायचं. आमच्या वडलांनी १९७९-८० ला सहकारनगरच्या पुढे दोन खोल्या बांधल्या, त्यासाठी अर्ज, नकाशा, सहीशिक्का, परत अर्ज. बरं मिळेल ते हप्त्या-हप्त्याने. पन्नास मागितल्या तर पंधरा गोण्या मिळायच्या, मग उरलेल्या येईपर्यंत गवंडी दुसऱ्या कामावर. आलेल्या गोण्या घरात पलंगाखाली. एक पावसाळा मधे गेला आणि त्यातल्या चार गोण्यांचे गोटे झाले. वडलांनी ते मोगरीने फोडून चाळून जोत्यात घातले, टाकून द्यायची छाती कुणाची होती! याच सिमेंटच्या कोट्याच्या प्रकरणावरून बॅ. अंतुल्यांना जानेवारी १९८२ मधे मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं, तेव्हा पेठेत कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीच्या शेवटी, केंद्राने नियंत्रण अर्धवट उठवलं. कारखान्याने ठरावीक हिस्सा सरकारला लेव्हीच्या दराने द्यायचा आणि बाकीचा बाजारात विकायचा.

तसं बघितलं तर आपल्याकडे सिमेंटची सुरुवातच लहान झाली. १९०४ मधे मद्रासला शिंपल्यांपासून करायचा प्रयत्न झाला, तो चालला नाही. मग १९१४ ला पोरबंदरचा कारखाना सुरू झाला, आणि लगेच पहिलं महायुद्ध लागल्यामुळे विलायतेचा माल यायचा थांबला आणि देशी सिमेंटची चलती झाली. चलती बघून बरेच जण धंद्यात उतरले, माल जास्त झाला, मग एकमेकांचे भाव पाडत बसले. शेवटी १९३६ मधे दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी, म्हणजे असोसिएटेड सिमेंट कंपनी झाली, ती ज्यांनी जुळवून आणली ते एफ. ई. दिनशॉ मात्र त्याच वर्षी जानेवारीत गेले. म्हणजे लहान कारखाने निघायचे, गर्दी व्हायची आणि मोठ्याने गिळायचे हा खेळ आमच्या पन्नास वर्षं आधी एकदा होऊन गेला होता, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी सरकारनेच मिनी सिमेंटला उत्तेजन दिलं. विचार चांगला होता. चुनखडकाचे छोटे छोटे साठे ठिकठिकाणी आहेत, मोठ्या कारखान्याला ते पुरत नाहीत, लहान भट्टी लावली तर तिथला दगड तिथेच वापरला जाईल, सिमेंट तिथल्या तिथे खपेल, रेल्वेची वाघीण लागणार नाही. अबकारी करात सवलतही होती. भट्टीचं तंत्र आपल्याच देशात तयार झालेलं, एक सिमेंट रिसर्च इन्स्टिट्यूटचं, एक आसामातल्या जोरहाटच्या प्रयोगशाळेचं, शिवाय जोधपूरकडचं एक. दिवसाला वीस टनापासून दोनशे टनापर्यंत. आमची पन्नास टनाची. पन्नास टन म्हणजे हजार गोण्या, म्हणजे पाच ट्रक, आणि पाचवा ट्रक भरला की मॅनेजर स्वतः गेटवर येऊन उभा राहायचा.

आता भट्टीवर येतो. दगड, माती, थोडं लोहखनिज आणि कोक ब्रीझ, म्हणजे पोलाद कारखान्याच्या कोकचा चुरा, हे सगळं एकत्रच दळायचं, त्यामुळे पीठ काळं. शंभर किलोत ब्रीझ साधारण बारा-तेरा किलो. ते पीठ तिरक्या फिरत्या थाळीत पाण्याच्या फवाऱ्याखाली टाकलं की त्याच्या गोळ्या वळतात, हरभऱ्यापासून ते मोठ्या बोरापर्यंत, आमच्याकडच्या बाया म्हणायच्या की साहेब लाडू वळून राह्यले. त्या ओल्या गोळ्या भट्टीत वरून पडत राहतात आणि खालून ब्लोअर हवा फुंकतो. जळण गोळीच्या पोटातच आहे, त्यामुळे वेगळा जाळ नाही. मधल्या पट्ट्यात आग, १४५० डिग्रीच्या आसपास, आणि वर कायम ओल्या गोळ्यांचं पांघरूण. वरून बघितलं तर काळोख आणि वाफ, आग दिसायलाच नको. दिसली तर चुकलं.

वर उभे राहायचे ते आमचे बर्नर, पन्नाशीचे गृहस्थ, त्यांना सगळे मामा म्हणायचे. शिक्षण चौथी. हातात तीन मीटरची सळई. मी नवा नवा थर्मोकपल (उष्णता मोजायचं साधन) आणि तक्ते घेऊन वर गेलो तर म्हणाले, "साहेब, तुमी पुन्याचे, तुमाले कागदावर समजते. मले इस्तो कुठं हाये ते डोयानं नाई, कानानं समजते." मला वाटलं बढाई. महिन्याभरात कळलं की ब्लोअरचा आवाज जरा जड झाला की कुठेतरी माल चिकटून कमान धरलीये, आणि मामा बरोबर त्याच बाजूला सळई घालायचे. ती कमान एकदम कोसळली तर खालची गरम हवा आणि निखारे तोंडावर येतात, शेजारच्या तालुक्यात तसे दोन जण भाजले होते. आणि वास नसलेला गॅस वेगळाच, वर जास्त वेळ थांबलं की डोकं धरायचं. मास्क वगैरे काही नव्हतं, टॉवेल ओला करून नाकाला. हे आता लिहिताना लाज वाटते पण तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं, मलाही नाही.

खाली पडलेलं क्लिंकर चांगलं भाजलेलं असेल तर काळपट हिरवं, जड. कच्चं राहिलं तर पिवळं, हलकं. दहा-बारा बाया ओळीने बसून पिवळ्या गोळ्या हाताने निवडायच्या, तांदळातले खडे काढतात तशा. आणि मी लॅबमधे मोकळा चुना बघायचो. भट्टीत ज्या चुन्याचं लग्न लागलं नाही तो मोकळा राहतो, आणि तो नंतर भिंतीत गेल्यावर सावकाश फुगतो आणि प्लास्टरला तडे देतो. ले शाटेलियेच्या साच्यात लगदा भरून उकळायचा आणि सुया किती फाकल्या ते मोजायचं, दहा मिलिमीटरच्या आत पाहिजे. सिमेंटची ताकद बघायचे ठोकळे एन्नोरच्या वाळूत करायचे, ती वाळू पार मद्रासकडून यायची, सिमेंटपेक्षा तिलाच जास्त जपायचो. ठोकळ्यांची तीन दिवसांची ताकद चौरस सेंटिमीटरला १६० किलो आणि सात दिवसांची २२० पाहिजे. आमचा माल बहुतेक दिवस त्याच्या बराच वर जायचा, रजिस्टर अजून माझ्याकडे आहे.

बहुतेक दिवस म्हणालो, रोज नाही. इथे लपवण्यात अर्थ नाही. फेल जायचाच माल. पण कधी जायचा ते रजिस्टरमधे बघा, दर वेळी शेजारच्या रकान्यात दोनच कारणं सापडतील, लाइट गेली नाहीतर ब्रीझ बदललं.

लाइट गेली की ब्लोअर बंद. ब्लोअर बंद की आग जागच्या जागी दबून राहते, मधला माल वितळून अस्तराला धरतो, बाजूचा कच्चा राहतो. दोन तासांनी लाइट आली तरी भट्टी ताळ्यावर यायला अख्खी पाळी जायची, आणि तेवढ्यात परत जायची! उन्हाळ्यात तर विचारू नका. जनरेटर होता तो एका मोटरपुरता. सगळा कारखाना चालवायला टनामागे शंभरच्या आसपास युनिट वीज लागायची, ती डिझेलवर करायची म्हणजे सोन्याचं सिमेंट.

आणि ब्रीझ. हे सगळ्यात मोठं दुखणं, आणि हे कुणी लिहीत नाही. वणीला कोळशाच्या खाणी आमच्या डोळ्यासमोर होत्या, रात्री तिकडच्या ट्रकांच्या लाइटा दिसायच्या. पण तो कोळसा आमच्या उभ्या भट्टीला चालत नाही. त्यात उडून जाणारा भाग फार, तो वरच्या गार थरातच धूर होऊन निघून जातो, खाली आगीच्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाही. आम्हाला कोकच पाहिजे, आणि तो भिलाई-राऊरकेलाकडून. म्हणजे दगड दाराशी, कोळसा दाराशी आणि जळण आणायचं शेकडो मैलांवरून. ट्रक वेळेवर नाही आला की व्यापाऱ्याकडून मिळेल ते घ्यायचं, त्यात राख किती, ओल किती, काही भरवसा नाही, आणि मग आमचं सगळं प्रमाण बोंबलायचं.

अशा वेळी फेल गेलेलं क्लिंकर आवारात पसरून वर पाणी मारून पंधरा-वीस दिवस तसंच ठेवायचं, मोकळा चुना आपोआप विरतो, मग दळायचं. हे बरोबर आहे, चालतं. पण त्याला जागा लागते आणि पैसा अडकून राहतो. आमच्या मालकांनी १९८७ मधे एकदा सहा दिवसांतच ते दळायला लावलं कारण बँकेचा हप्ता होता. मी सही केली नाही, दुसऱ्या कुणाची तरी घेतली. तो माल एका गावच्या शाळेच्या कंपाउंडला गेला आणि दोन वर्षांत प्लास्टर फुगलं. ते मी स्वतः जाऊन बघून आलोय. म्हणजे लेखकाने निकृष्ट म्हटलं ते काही हवेतलं नाही, माझी तक्रार एवढीच की त्यांनी ताप बघितला आणि रोगाचं नाव ताप असंच लिहिलं.

मग १९८९ च्या मार्चमधे नियंत्रण पूर्ण उठलं. तोवर चंद्रपूर जिल्ह्यात आवारपूर, गडचांदूर इकडे मोठे कारखाने उभे राहिले होते. असल्या एका भट्टीतून दिवसाला तीन हजार टन म्हणजे आमचं दोन महिन्यांचं काम. त्यांची भट्टी आमच्या बाजूचाच कोळसा जाळायची, स्वतःची वीज करायची, आणि आता भाव त्यांनी ठरवायचा. टंचाई होती तोवर आमच्या गोणीला रांग होती, टंचाई संपली तर दुकानदार म्हणायला लागला की साहेब दोन रुपये जास्त जातील पण कंपनीचं द्या. आम्ही पण कंपनीच होतो हो! पण गोणीवर नाव कुणाला माहीत. त्या दिवाळीला मी पुण्याला परत आलो, पुढे दीडेक वर्षात भट्टी विझली. मामांना तीन महिन्यांचा पगार राहिलाच मिळायचा.

ही भट्टीच मुळात टाकाऊ असं कुणाला वाटत असेल तर चीनकडे बघावं, तिथे नव्वदच्या दशकात सुद्धा बहुतेक सिमेंट असल्याच उभ्या भट्ट्यांतून निघत होतं. धूर आणि धूळ त्यांनाही भोवलीच. आमच्या इथे सुद्धा शेजारच्या वावरातला कापूस बोंडातच करडा व्हायचा आणि शेतकरी ती बोंडं आणून मॅनेजरच्या टेबलावर ठेवायचे. त्यांचं बरोबर होतं.

मागच्या वर्षी तिकडे एका लग्नाला गेलो होतो तेव्हा वाट वाकडी करून बघून आलो. लोखंड सगळं भंगारात गेलंय, गोळ्या वळायची थाळी मात्र एका गोठ्यात सापडली, त्यात म्हशीला पाणी ठेवतात. भट्टीचं अस्तर आत तसंच आहे, खाण पाण्याने भरलीये. मामा नाहीत आता. त्यांचा नातू तिथल्याच मोठ्या कारखान्यात कंट्रोल रूमला आहे, एसीत बसून स्क्रीनवर आग बघतो, मला म्हणाला आजोबा सांगायचे ते खरं होतं का, आवाजावरून समजायचं?

तेव्हा विनंती अशी की पुढच्या रविवारी चार ओळींची का होईना दुरुस्ती छापा. आणि सिंहगड रोडला, हडपसरला असे बरेच जण राहतात जे नोकरीनिमित्त विदर्भ-मराठवाड्यात अशा कारखान्यांत होते, त्यांच्याकडे फोटो, रजिस्टरं असतील तर मागवून घ्या, नाहीतर पुढची पिढी ती रद्दीत घालणार. माझं रजिस्टर मी आणून देईन, झेरॉक्स काढून परत करा म्हणजे झालं. १९८६ चा एक ठोकळा पण आहे. तो फोडून आता किती ताकद निघते ते बघायची फार इच्छा आहे, कोथरूडच्या एका लॅबवाल्याने फुकट फोडून देतो म्हणून सांगितलंय, पण गेली वीस वर्षं तो आमच्या गॅलरीच्या दाराला अडण आहे आणि ही म्हणते की आधी दुसरं काहीतरी आणून द्या, मग न्या.

आपला,
एक जुना वाचक,
धायरी, पुणे